जवसाच्या फुलांचा पंखा

माझ्या स्वभावाबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं नव्हती. मनकर्णाबाई तोंडानं फटकळ, पण कामाला चोख, असं सगळे म्हणायचे. त्यातलं पहिलं मला टोचत नसे आणि दुसरं मनापासून आवडायचं. घरात जिथली वस्तू तिथं, दुधाला वेळेवर विरजण, आणि हाताखालच्या पोरीला वळण. आज सांगायला बसले आहे ते माझ्या त्या चोखपणाबद्दलच. त्याचा मला आता राग येतो, आणि राग आला की मी गप्प बसत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

गोष्ट छप्पन सालच्या चैत्रातली. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला साडेसात वर्षं झाली होती. आम्ही औरंगपुऱ्यात माडीवरच्या तीन खोल्यांत राहायचो. माझे मालक बद्रीनाथ जिल्हा कचेरीत कारकून होते. मला मूलबाळ झालं नाही. घरात आम्ही दोघं आणि माझी धाकटी नणंद चतुरा. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं लोक पोरीबाळींना गावातून हलवत होते, तेव्हा सासूबाईंनी तिला करमाडहून बैलगाडीत घालून आमच्याकडं पाठवली. भाऊ शहरात, तर पोरगी भावाजवळ असावी, एवढाच हिशेब. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सोबत कपड्यांचं गाठोडं, गुळाची ढेप आणि सासूबाईंचा एक निरोप होता: पोरगी डावरी हाय, तेवढं बघा.

तेवढं मी बघितलं. जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि जेवताना, भाकरी थापताना, पाढे लिहिताना तिचा डावा हात पाठीशी बांधून ठेवायला लागले. सहा महिन्यांत पोरगी उजव्या हातानं जेवायला लागली. वर्षभरात उजव्या हातानं वाढायला, सारवायला, फुलं वाहायला लागली. कधी चुकून डावा हात पुढं आलाच तर मी नुसती खाकरायचे, की तो मागं जायचा. ती कधी रडली नाही, हे मी शेजारणींना कौतुकानं सांगायचे.

हे मी हौसेनं केलं नव्हतं. डाव्या हातानं वाढलेलं ताट बाजूला सारणारी माणसं आमच्यातच होती. अशी सून घरात आली की देवाधर्माचं कसं करायचं, असं तोंडावर विचारणारीही होती. चितेगावचं एक चांगलं स्थळ करमाडच्याच कुणीतरी कान फुंकल्यामुळं हातचं गेलं होतं. म्हणून चतुरा सतरा वर्षांची झाली तेव्हा मला एकच घोर होता. तिचं लग्न व्हावं, आणि ते होईपर्यंत तिचा डावा हात कुणाच्या नजरेला पडू नये.

आणि नेमकं त्याच वर्षी औरंगपुऱ्यात पंख्यांचं खूळ आलं.

पंखा म्हणजे वाळ्याचा किंवा ताडाचा नव्हे, तो तर आमच्या चुलीपुढंही होता. हा घडीचा पंखा. मिटला की पट्टीएवढा, उघडला की मोराच्या पिसाऱ्यासारखा, आणि त्यावर हातानं रंगवलेलं चित्र. निजामाच्या अमदानीत असले पंखे मोठ्या अंमलदारांच्या बेगमांच्या हातात असायचे. आम्ही ते टांग्याच्या पडद्याआड जाता येता पाहिलेले. अ‍ॅक्शननंतर त्यातली बरीच घराणी हैदराबादला गेली, काही कराचीला. जाताना कुणीतरी एक पंखा आवडाबाईंना भेट दिला, आणि बघता बघता सगळ्या बाया पंख्यांच्या मागं लागल्या. पातळाच्या काठाला जुळणारा पंखा. हळदीकुंकवाला एक, लग्नाला दुसरा. हातात पंखा नसेल तर पातळ कितीही भारी असो, कुणाची नजर वळत नसे. वारा किती लागायचा ते विचारू नका, वारा घ्यायला कुणी पंखा घेतच नव्हतं. तो एका हातानं झटक्यात कसा उघडता, यावर बाईची किंमत ठरायची.

आवडाबाई म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी. काकासाहेबांची जमीन पैठण रस्त्याला, आणि शहरात वकिली. त्यांचा मुलगा बन्सी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता. आवडाबाईंनी चतुराला देवळात पाहिलं, चौकशी केली आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला घेऊन या म्हणून निरोप पाठवला. त्याचा अर्थ काय, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बाई चार बायांच्या गर्दीत पोरगी निरखून घेणार होत्या. मी लगेच पंख्याच्या तयारीला लागले.

पंखे करायची ती गौहर. शहागंजच्या मागच्या बोळात तिचं घर. तिचे वडील नूरमोहम्मद बेगमांचे पंखे करायचे. ते वारले, गिऱ्हाईक पांगलं, आणि चार वर्षं गौहरनं नुसती पतंगांची आणि लग्नाच्या पत्रिकांची रंगकामं केली. आता आमच्या बाया तिच्या दारात जायला लागल्या होत्या. तिचा भाऊ मजीद बांबूच्या काड्या काढून तासायचा, कागद रंगवायचं आणि घड्या घालायचं काम ती करायची. चाळिशीची, शांत बाई. बोलायची मराठी, पण मधूनच दख्खनीत शिरायची.

आम्ही गेलो तेव्हा तिनं आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि एक मिटलेला जुना पंखा चतुरापुढं धरला. हातात धरून बघ, म्हणाली. चतुरा घरातल्यासारखी बसली होती, समोर मुलाकडचं कुणी नव्हतं. तिनं पंखा डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं काडी सरकवायला लागली. मी खाकरले. पंखा लगेच उजव्या हातात गेला. गौहरनं काही पाहिल्यासारखं केलं नाही. तिनं एक दोरा घेऊन चतुराच्या तळहाताचं माप घेतलं. तिनं डाव्या हाताचं माप घेतलं हे मला दिसलं होतं, पण माणसाचे दोन्ही हात सारखेच असतात, असं मनात म्हणून मी सोडून दिलं.

चित्र काय काढायचं, यावर जरा वाद झाला. मला गुलाब हवे होते, आवडाबाईंच्या पंख्यावर होते तसे. चतुरानं गौहरला विचारलं, जवस काढता येईल का? गौहरनं जवसाचं तेल पाहिलं होतं, रंगात तेच घालायची, पण जवस फुललेलं शेत तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मग चतुरा सांगायला लागली. सकाळी फुललेलं असतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. निळं, पण आभाळासारखं निळं नाही, जरा जांभळट. देठ इतका बारीक की नुसता वारा आला तरी सगळं शेत एका बाजूला कलतं. पोरगी एवढं बोलते हे मला नवीनच होतं. गौहर मान हलवत ऐकत होती आणि ऐकता ऐकता एका कागदाच्या कपट्यावर निळ्याच्या छटा लावून दाखवत होती. ही नाय, ही पण नाय, व्हय, ही, असं चतुरा सांगत गेली. मी आपली भिंतीला टेकून गुलाबांचा विचार सोडून दिला.

आठ दिवसांनी पंखा तयार झाला. तो दोऱ्यानं घट्ट बांधलेला होता. गौहरची रीत अशी, की घड्या घातल्यावर पंखा काही दिवस बांधून ठेवायचा, म्हणजे घडी कागदात मुरते. आधी सोडला तर कायमचा फुगतो. हळदीकुंकवाच्या दिवशीच दोरा सोडा, असं तिनं बजावून सांगितलं. मी चोख बाई. दोऱ्याला हातही लावला नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी आवडाबाईंच्या माजघरात पंचवीसतीस बाया असतील. गौर झोपाळ्यात बसवलेली, पुढं कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. ऊन असं की भिंतीसुद्धा तापलेल्या. चतुराला मी हिरवं पातळ नेसवलं होतं. तिनं वाकून नमस्कार केले, उजव्या हातानं कुंकू घेतलं, उजव्या हातानं डाळ घेतली. माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला होता. मग आवडाबाई म्हणाल्या, पोरींनो, तुमचे पंखे तर बघू. त्यांच्याकडं ही पद्धतच पडली होती. कुंकू झालं की पोरींनी ओळीनं पंखे उघडायचे आणि बायांनी नावाजायचे.

दोघींतिघींचे झाले. चतुराची पाळी आली. तिनं येतानाच दोरा सोडून ठेवला होता. पंखा उजव्या हातात धरला आणि शिकवल्यासारखी अंगठ्यानं वरची काडी झटकली.

पंखा अर्धाच उघडला आणि अडकला. तिनं जोर केला तेव्हा कसाबसा पुढं सरकला, पण समोर आली ती कोरी बाजू. पिवळट कागद, त्यावर खळीचे डाग आणि उघड्या काड्या. चित्र सगळं चतुराच्या तोंडाकडं. बायांपैकी कुणीतरी हसलं. मग आणखी दोघी हसल्या. एकीनं विचारलं, रंगवायचा राहून गेला का? मनात गौहरला मी नाही नाही ते बोलले.

चतुरानं पंखा मिटला. आधी पंख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाकरले. का खाकरले कोण जाणे, आठ वर्षांची सवय. तिनं ऐकलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तरीही तिनं पंखा सावकाश डाव्या हातात घेतला आणि उघडला.

एका झटक्यात सगळं शेत उलगडलं. निळी फुलं, एका बाजूला कललेली, मधे हिरवे देठ, आणि कडेला कुठंतरी बांधाची पुसट रेघ. माजघरातलं हसू थांबलं. मी करमाडला सून म्हणून गेले तेव्हा पहिल्या सकाळी असंच शेत पाहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवलं, खोटं कशाला बोलू. पण ते क्षणभरच. लगेच मला तो डावा हात दिसायला लागला.

आवडाबाईंनी पंखा मागून घेतला, चित्राची तारीफ केली आणि आपल्या सराईत उजव्या हातानं उघडायला गेल्या. त्यांच्याही हातात तो अडकला. त्यांनी तो पालथा करून पाहिला, मग चतुराच्या हाताकडं पाहिलं.

"पोर डावरी हाय का?" त्यांनी विचारलं. चतुराला नाही, मला.

"नाय हो, आज जरा उजव्या हाताला..." मी सुरू केलं.

"व्हय," चतुरा म्हणाली. "मी डावरीच हाय."

आवडाबाईंनी पंखा परत दिला. त्यांनी पन्ह्याचा पेला पुढं केला आणि चतुरानं तो उजव्या हातानं घेतला. घरी आल्यावर मी तिला फार बोलले. काय काय बोलले ते सांगत नाही, मला लाज वाटते. ती भांडी घासत ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा पिशवीत घालून मी गौहरच्या दारात उभी. गिऱ्हाइकाचं लग्न मोडायला बसलीस का, म्हणून मी बोळ ऐकेल अशा आवाजात विचारलं. मजीद काड्या तासत होता, तो सुरी ठेवून आत निघून गेला. गौहरचा चेहरा उतरला. माझ्या एका शब्दावर औरंगपुऱ्याच्या बाया तिच्याकडं यायच्या थांबतील, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी ती आवाज न चढवता बोलली.

तिनं सांगितलं ते असं. घडीच्या पंख्यात काड्या एकावर एक बसवतात, आणि त्या कोणत्या बाजूनं चढवायच्या हे हातावर ठरतं. उजव्या हाताला बांधलेला पंखा डाव्या हातात उलटा उघडतो, डाव्याला बांधलेला उजव्यात. म्हणून तिचे वडील नवीन गिऱ्हाइकाच्या पुढं आधी मिटलेला पंखा धरायचे. जो हात पहिल्यांदा पुढं येईल त्याचा पंखा.

"पण मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"अब्बा बोलते थे, पूछना नको, देखना," गौहर म्हणाली. "पूछे तो माणूस शरमेनं खोटं बोलतं. हात खोटं बोलत नाय."

तिनं मला एका मोठ्या देवडीतल्या, म्हणजे अमीरांच्या वाड्यातल्या, बेगमसाहेबांचं सांगितलं. त्या डावऱ्या होत्या आणि पंचवीस वर्षं नूरमोहम्मद त्यांचे पंखे करत होते. दरबारी बायांपैकी कुणालाही कधी पत्ता लागला नाही, कारण पंखा हातात नीट चालत होता आणि लोक चित्राकडं बघत होते. चतुरानं पंखा डाव्या हातात घेतला असता तर तिथंही कुणी हाताकडं बघितलं नसतं, असं गौहरला प्रामाणिकपणे वाटत होतं. पोर उजव्या हातानं उघडेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या हातासाठी केलेली वस्तू माणूस दुसऱ्या हातात कशाला घेईल?

मी म्हटलं, ते जाऊ दे, हा पंखा उजव्या हाताचा करून दे. ती म्हणाली, करते, काड्या उसवून उलट्या चढवते. पण कागदाच्या घड्या एकदा बसल्या आहेत, त्या उलट्या पाडल्या तर रंगाला घडीघडीवर तडे जातील. फुलं राहतील पण मोडलेली राहतील. चालेल का? मी म्हटलं, चालेल. तेव्हा मला लग्न दिसत होतं, फुलं गेली उडत.

गौहरनं पंखा हातात घेतला, जरा वेळ मांडीवर ठेवला आणि मला परत दिला.

"एकदा पोरीला विचारून या," ती म्हणाली. "ती व्हय बोलली तर आजच्या आज करून देते."

मला त्याचा असा राग आला की मी पिशवी उचलून तशीच निघाले. पंख्याचं पोरीला काय विचारायचं? आमच्याकडं पोरींना लग्नाचंसुद्धा विचारत नसत. पण गुलमंडीपर्यंत येईतो माझ्या डोक्यात ते फिरायला लागलं. आठ वर्षांत मी चतुराला भाजी कोणती करू हेही कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नाही, असं मी मनाला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाईंकडचा गडी चिठ्ठी घेऊन आला. मालक आंघोळ करून डोकं पुसत होते, त्यांनीच मोठ्यानं वाचली. मुलगी पसंत होती. रूप, वागणं, घराणं, सगळं. एक अडचण तेवढी होती, पण पोरीला उजव्या हाताचं वळण चांगलं लागलेलं दिसतं, असं बाईंनी लिहिलं होतं. तेव्हा पंगतीत, देवापुढं आणि चार माणसांत डावा हात कधी दिसणार नाही, अशा दोन ओळी थोरांकडून लिहून आल्या की बोलणी पुढं न्यायची. आणि तो पंखाही सरळ करून घ्यावा.

मालकांचा चेहरा उजळला. चितेगावचा अपमान ते विसरले नव्हते. "लिहून टाक," ते मला म्हणाले. "वळण तूच लावलंस, हमी पण तूच दे." आणि टोपी घालून कचेरीला गेले.

मला सांगायचं तर आनंदच झाला होता. माझ्या कष्टाचं चीज झालं, आवडाबाईंसारख्या बाईनं नाव घेतलं. मला वाचता यायचं, पण लिहायला माझा हात तेव्हा फार जड. घरातली पत्रं चतुराच लिहायची. तीही रखडत. शब्द सांगून झाला की थांबायचं, तिची बोटं वाकडी व्हायची, अक्षर रेघ सोडून खाली घसरायचं. शाळेतल्या बाईंनी त्यावरून दोनदा चिठ्ठी पाठवली होती. पोरीचं डोकं आहे, पण अक्षर नाही, असं मीही म्हणायचे.

तिला हाक मारली, कागद आणि टाक घेऊन बसायला सांगितलं आणि मी सुपात तांदूळ घेऊन निवडायला लागले. काय लिहायचं आहे ते तिला माहीत होतं. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. मी सांगायला लागले. सौभाग्यवती आवडाबाई यांना मनकर्णाबाईचा नमस्कार. आपली चिठ्ठी पोचली. आम्ही अशी हमी देतो की.

इथं मी सवयीनं थांबले. एवढं लिहायला तिला बराच वेळ लागायचा.

"पुढं?" चतुरा म्हणाली.

मी मान वर केली. टाक तिच्या डाव्या हातात होता. मी खाकरले नाही. कागदाकडं पाहत राहिले. तीन ओळी झाल्या होत्या. सरळ, एकसारखी, गोल अक्षरं. इतकं देखणं अक्षर आमच्या घराण्यात कुणाचं नव्हतं, कचेरीतल्या माझ्या मालकांचंही नाही. आठ वर्षं माझ्या घरात राहिलेल्या पोरीचं अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हे कधी शिकलीस, म्हणून मी विचारलं.

"शिकले नाय," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण टाक तिनं खाली ठेवला नाही. "तुम्ही दळणाला जायच्या ना वैनी, तवा लिहायची. गिरणीला गर्दी असली की लई लिहून व्हायचं. जिन्यात तुमच्या वहाणा वाजल्या की वही डब्यामागं सारायची."

मी सुपातल्या तांदळात हात घालून बसून राहिले. दर आठवड्याला मी दळण घेऊन यायचे. जिना चढून वर आले की दार उघडलेलं असायचं. चतुरा धावत दारात आलेली असायची, माझ्या डोक्यावरचा डबा उतरवून घ्यायची. पोटची लेकसुद्धा एवढी धावून येणार नाही, असं मी अख्ख्या गल्लीला सांगत फिरले होते. देवानं मूल दिलं नाही पण ही दिली, असं म्हणायचे. ती माझ्यासाठी धावत येत नव्हती. मला आत यायला दोन पावलं उशीर व्हावा म्हणून येत होती.

मला रडू आलं नाही. स्वतःचाच असा संताप आला की सूप बाजूला सारलं आणि तांदूळ सांडले.

"तो कागद फाड," मी म्हणाले. "दुसरा घे."

तिनं घेतला. डाव्याच हातात टाक धरून बसली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं तसं तिनं लिहिलं, आणि या वेळी मी तिच्या हाताकडं बघत बघत सांगत होते. आमची चतुरा डावरी आहे. वळण मी लावलं, ते माझं चुकलं. ती येईल ती दोन्ही हातांनी येईल, पंगतीत आणि देवापुढंसुद्धा. पंखा आहे तसाच राहील. चालत असेल तर कळवावं.

"दादा काय म्हणतील?" चतुरानं विचारलं.

"त्यांचं मी बघते," मी म्हणाले. "तुला पटतंय का, तेवढं सांग." आयुष्यात पहिल्यांदा विचारलं मी तिला. बन्सीला तिनं एकदा लांबून पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता, हे मला नंतर कळलं. तिनं कागद उचलला, पुन्हा एकदा वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

आवडाबाईंचं उत्तर आलं नाही. पुढच्या हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं नाही. मालक माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, नुसते ताटावर बसायचे आणि उठायचे. सासूबाई करमाडहून आल्या आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या, सोन्यासारखं स्थळ तू घालवलंस. मी उलट बोलले नाही. गौहरबद्दल मी कुठं वाईट बोलले नाही, आणि माझ्याच्यानं होईल तितक्या बायांना तिच्याकडं धाडलं, पण तिच्या घरी जाऊन चुकले म्हणायला मला आणखी महिना लागला. चतुरा त्या दिवसांत मुकाट्यानं कामं करायची. तिला दुःख झालं होतं आणि ते मी केलं होतं, दोन्ही वेळा मीच, एकदा हात बांधून आणि एकदा सोडून. यातलं कोणतं जास्त, हे मला आजही सांगता यायचं नाही.

त्या आठवड्याचं दळण संपलं तेव्हा मी डबा घेऊन गिरणीवर गेले. गर्दी होती, तासभर बसले. परत येताना जिन्याशी क्षणभर थांबले. वहाणा काढून हळूच वर जावं, असं मनात आलं. मग वाटलं, ही तर आणखी एक चोरी. नेहमीसारख्या वहाणा वाजवत वर गेले. दार लोटलेलं होतं. उघडायला कुणी आलं नाही. पायानं दार ढकललं तर समोर चतुरा खिडकीशी मांडी घालून बसलेली, पुढं वही, आणि डावा हात भरभर चाललेला.

"एवढी ओळ होऊ द्या वैनी," ती मान वर न करता म्हणाली.

मी डोक्यावर डबा घेऊन दारातच उभी राहिले. तिची ओळ पुरी व्हायला बराच वेळ लागला.